नवी गाडी, नवे फीचर्स आणि रोजची डोकेदुखी: वारंवार विचारले जाणारे प्रश्न

गाडी ताब्यात आल्यावर पहिल्या वर्षभरात बहुतेक मालकांना जे प्रश्न पडतात, ते इथे घेतले आहेत. काहीही खटकलं की मनात एकच शंका येते: हा बिघाड आहे की गाडी अशीच आहे? म्हणून प्रत्येक उत्तरात आधी तेच स्पष्ट केलं आहे. सेटिंग बदलून मिटणाऱ्या गोष्टीसाठी सर्व्हिस सेंटरला अर्धा दिवस घालवू नये, आणि खरा बिघाड ‘सगळ्याच गाड्यांत असं होतं’ या उत्तरावर सोडून देऊ नये. बटणांच्या जागा आणि मेनूतली नावं मॉडेलप्रमाणे बदलतात. तिथे ग्लोव्ह बॉक्समधल्या पुस्तकाचंच ऐकावं.

कंपनी २० चं ॲव्हरेज सांगते, मला शहरात १३ मिळतं. गाडी खराब आहे का?

बहुतेक वेळा नाही. जाहिरातीतला आकडा हा प्रमाणित चाचणीचा असतो. ही चाचणी पुण्याच्या एआरएआयसारख्या संस्थेत गाडी रोलरवर ठेवून, एसी बंद ठेवून, वेगाच्या ठरलेल्या आराखड्यानुसार होते आणि त्यात वेग ९० किमीच्या वर जात नाही. तिथे खड्डे नाहीत, चढ नाही, सिंहगड रोडचा सिग्नलही नाही. शाळा, भाजी, बँक अशा दोन-तीन किलोमीटरच्या फेऱ्यांत इंजिन गरम होण्याआधीच गाडी बंद होते, आणि थंड इंजिन जास्त इंधन खातं. एसी चालू आणि तासाला १५ किमीचा सरासरी वेग असेल, तर दाव्यापेक्षा ३०-३५ टक्के कमी मिळणं नेहमीचंच.

मीटरवर दिसणारं ॲव्हरेज बरेचदा थोडं फुगवलेलं असतं, त्यामुळे एकदा स्वतः मोजा. टाकी ऑटो कटपर्यंत भरा, ट्रिप मीटर शून्य करा, निदान ३००-४०० किमी चालवा. पुन्हा त्याच पंपावर, जमल्यास त्याच नोझलने, पहिल्या ऑटो कटपर्यंत भरा. ४१२ किमीला २७.५ लिटर लागलं तर ॲव्हरेज १५. ऑटो कटनंतर ‘राउंड फिगर’ करायला सांगू नका. हिशोब तर बिघडतोच, शिवाय टाकीतून वाफ खेचणाऱ्या कॅनिस्टरमध्ये पेट्रोल शिरू शकतं.

महामार्गावर ८०-९० च्या स्थिर वेगात, टायरमध्ये बरोबर हवा असताना, लागोपाठ दोन टाक्यांना दाव्याच्या दोन तृतीयांशाहून कमी मिळालं तर शंका घ्यायला जागा आहे. आधी ब्रेक बघा. वीसेक किलोमीटर चालवून गाडी थांबवा आणि चारही चाकांजवळ हात न लावता धग तपासा. एकच चाक जास्त तापलं असेल तर त्याचा ब्रेक सुटत नाही. हा दोष वॉरंटीत येतो.

ई२० पेट्रोलमुळे ॲव्हरेज पडतं का? नव्या गाडीला धोका आहे का?

थोडं पडतं. ई२० म्हणजे २० टक्के इथेनॉल मिसळलेलं पेट्रोल (ई१० मध्ये १० टक्के). इथेनॉलमध्ये पेट्रोलपेक्षा साधारण एक तृतीयांश कमी ऊर्जा असते, त्यामुळे घट येणारच. पेट्रोलियम मंत्रालयाने २०२५ मध्ये दिलेल्या माहितीनुसार ई१० साठी बनवलेल्या पण ई२० साठी ट्यून केलेल्या चारचाकींत ही घट १ ते २ टक्के, तर इतर गाड्यांत ३ ते ६ टक्के असते. एप्रिल २०२३ नंतर बनलेल्या पेट्रोल गाड्यांचे रबरी भाग आणि सील ई२० ला चालणारे असतात. इंधनाच्या झाकणाच्या आतला स्टिकर वाचा. एक काळजी मात्र घ्या: इथेनॉल पाणी शोषतं, म्हणून पावसाळ्यात गाडी महिनाभर उभी राहणार असेल तर टाकी जवळपास भरून ठेवा. रिकाम्या जागेतल्या दमट हवेतूनच ओल येते.

सिग्नलला इंजिन आपोआप बंद होतं. कधी होतं, कधी होत नाही. हे काय आहे?

ही आयडल स्टार्ट-स्टॉप यंत्रणा. ती ‘कधी कधी’ चालते असं वाटतं, कारण तिच्या अटी बऱ्याच आहेत. इंजिन गरम हवं, बॅटरी पुरेशी चार्ज हवी, चालकाचा बेल्ट लावलेला हवा, दार-बॉनेट नीट बंद हवं, आणि केबिन ठरवलेल्या तापमानाला आलेली हवी. मे महिन्यात नागपुरात भर दुपारी एसी १८ वर असेल तर इंजिन बंद होणारच नाही. त्यात काही बिघडलेलं नाही.

नको असेल तर डॅशबोर्डवरचं ‘ए’ अक्षराभोवती गोल बाण असलेलं बटण दाबा. बहुतेक गाड्यांत गाडी पुन्हा सुरू केली की ते परत चालू होतं, म्हणून दर वेळी दाबावं लागतं. यावर उपाय म्हणून बाजारात मिळणारं वायरिंगमध्ये बसवायचं सर्किट आम्ही सुचवत नाही. त्या वायरिंगमधला पुढचा कोणताही बिघाड वॉरंटीतून नाकारला जाऊ शकतो.

पूर्वी चालणारी यंत्रणा लांबचा प्रवास करूनही आठवडाभर एकदाही चालली नाही, तर बॅटरी तपासायला सांगा. आणि बॅटरी बदलताना ईएफबी किंवा एजीएम (स्टार्ट-स्टॉपचा भार सोसणाऱ्या बॅटऱ्या) यांच्या जागी साधी, स्वस्त बॅटरी कुणी बसवू देऊ नका. वारंवार स्टार्टिंगच्या भाराने ती लवकर मरते.

८० च्या वर गेलं की बीप वाजतो. तो बंद करता येतो का?

नाही. आणि शोरूमवाला ‘करून देतो’ म्हणाला तरी करून घेऊ नका. १ जुलै २०१९ पासून प्रत्येक नव्या कारमध्ये ही सूचना सक्तीची आहे: ८० च्या वर ठरावीक अंतराने, १२० च्या वर सतत. त्याच नियमात पुढच्या दोन्ही सीटच्या बेल्टची आठवण आणि मागचे पार्किंग सेन्सर आले.

बेल्टच्या बीपबद्दल दोन गोष्टी. शेजारच्या सीटवर लॅपटॉपची बॅग किंवा भाजीची पिशवी ठेवली की वजनाचा सेन्सर तिला माणूस समजतो. बॅग मागच्या सीटखाली पायांच्या जागेत ठेवा. दुसरं म्हणजे बेल्टच्या खाचेत अडकवायची ती नुसती क्लिप. केंद्रीय ग्राहक संरक्षण प्राधिकरणाने २०२३ मध्ये ई-कॉमर्स कंपन्यांना ती विकायला मनाई केली. बेल्ट नसलेल्या माणसावर एअरबॅग उघडली तर ती वाचवण्याऐवजी इजा करू शकते. मागे बसणाऱ्यांनाही बेल्ट लावायला सांगा. कुणाला वाईट वाटलं तरी चालेल.

वायरलेस ॲन्ड्रॉइड ऑटो सतत तुटतं. स्क्रीन बदलून मागू का?

इतक्यात नको. वायरलेस जोडणीत ब्लूटूथ फक्त ओळख पटवतं. नकाशा आणि गाणी जातात ती फोन आणि गाडी यांच्यातल्या वायफायवरून. त्यामुळे फोनचं वायफाय बंद ठेवणारे, बॅटरी सेव्हर वापरणारे आणि व्हीपीएन चालू ठेवणारे यांच्याकडे ही तक्रार हमखास असते. क्रम असा:

१. फोनमधल्या ब्लूटूथ यादीतून गाडी काढा आणि गाडीच्या यादीतून फोन काढा. दोन्हीकडून काढणं आवश्यक आहे, एकीकडून काढून उपयोग होत नाही.
२. ॲन्ड्रॉइड ऑटो, गुगल प्ले सर्व्हिसेस आणि नकाशे अपडेट करा. ॲन्ड्रॉइड ऑटोची कॅश पुसा.
३. त्या ॲपसाठी बॅटरीचं ‘ऑप्टिमायझेशन’ बंद करा. काही फोन पडद्यामागची ॲप फार कडकपणे बंद करतात, मूळ दुखणं तिथेच असतं.
४. गाडीची स्क्रीन रीस्टार्ट करा. बऱ्याच गाड्यांत पॉवरचं बटण १० ते १५ सेकंद दाबून धरलं की होते.
५. मग नव्याने जोडा.

एवढं करूनही तुटलं तर वायर लावून बघा. केबल मीटरभराहून लांब नको आणि ती डेटा केबलच हवी. गाडीत दोन-तीन यूएसबी पोर्ट असले तरी डेटा बहुधा एकाच पोर्टमधून जातो, त्यावर फोनचं किंवा यूएसबीचं चिन्ह असतं. फोनच्या पोर्टमध्ये खिशातला कापूस बसलेला असतो, तो लाकडी टूथपिकने हलकेच काढा. वायरवरही तुटतं का, हे दुसऱ्या फोनवर पाहा. दोन वेगवेगळ्या फोनवर, दोन वेगवेगळ्या केबलनी तुटत असेल तर दोष गाडीत आहे. त्याचा व्हिडिओ काढा आणि सॉफ्टवेअर अपडेटची लेखी मागणी करा. सेटिंगमध्ये दिसणारा सध्याचा सॉफ्टवेअर क्रमांक सोबत लिहून द्या, म्हणजे ‘अपडेट केलंय’ हे उत्तर पडताळता येतं.

वायरलेस चार्जरवर ठेवलेला फोन तापून चार्जिंग थांबवतो, तो मात्र त्या फीचरचाच मर्यादितपणा आहे. जाड कव्हर काढा, एसीची हवा तिकडे वळते का बघा, आणि फोनच्या मागे एटीएम कार्ड ठेवू नका.

एडीएएस असलेली गाडी घेतली. स्टिअरिंग आपोआप ओढतं, मध्येच ब्रेक लागतो. भीती वाटते. काय करू?

या प्रश्नाला जास्त जागा द्यायला हवी, कारण इथे गैरसमज जिवावर बेतू शकतो.

एडीएएस म्हणजे समोरच्या काचेच्या वर, आरशामागे बसवलेला कॅमेरा आणि बऱ्याच गाड्यांत पुढच्या बंपरमधला किंवा लोगोमागचा रडार. कॅमेरा पट्टे, गाड्या, माणसं ओळखतो. रडार अंतर आणि वेग मोजतो. ही यंत्रणा चालकाला मदत करते. गाडी ती चालवत नाही. अपघात झाला तर जबाबदारी चालकाचीच.

स्टिअरिंग ओढण्याचं काम लेन कीप असिस्ट करतं. ते बहुतेक गाड्यांत साधारण ६० किमीच्या वर जागं होतं आणि पट्टा दिसला तरच चालतं. इंडिकेटर न देता लेन बदलली की ते तुम्हाला परत आत आणतं. इंडिकेटर दिला तर विरोध करत नाही. म्हणजे ही निम्मी तक्रार इंडिकेटरच्या सवयीने मिटते. उरलेली निम्मी आपल्या रस्त्यांची आहे. काम चालू असताना जुने पट्टे अर्धवट खरवडून नवे मारलेले असतात, डांबराच्या जोडाची काळी रेघ उन्हात चमकते, कॅमेरा भलत्याच रेघेला पट्टा समजतो. मुंबई-पुणे द्रुतगती मार्गावर आणि समृद्धी महामार्गावर लेन कीप वापरण्याजोगं आहे. शहरात, डायव्हर्जनमध्ये आणि घाटात ते बंद ठेवावं असं आमचं स्पष्ट मत आहे. स्टिअरिंगवर किंवा सेटिंगमध्ये त्याचं वेगळं बटण असतं. फक्त ‘सूचना’ ठेवून ‘ओढणं’ बंद करण्याचा पर्यायही बऱ्याच गाड्यांत आहे.

मध्येच लागणारा ब्रेक ही वेगळी गोष्ट. दुचाकी तिरकी घुसली, वळणावर समोर उभा ट्रक दिसला, तर यंत्रणेला टक्कर होणार असं वाटतं. टक्कर-इशाऱ्याची संवेदनशीलता ‘उशिरा’ किंवा ‘कमी’ वर ठेवा. आपोआप लागणारा ब्रेक मात्र पूर्ण बंद करू नका. मागून कुणी चिकटून येत असेल तर अशा ब्रेकने मागची धडक बसू शकते, म्हणून त्याला पुढे जाऊ द्या. अडॅप्टिव्ह क्रूझमध्ये (समोरच्या गाडीशी अंतर राखून वेग सांभाळणारी सोय) अंतराची सगळ्यात छोटी पायरी ठेवून उपयोग नाही. आपल्याकडे कितीही अंतर ठेवलं तरी कुणीतरी आत येणारच. मधली पायरी ठेवा आणि पाय ब्रेकजवळ ठेवा. पावसात किंवा रहदारी दाट झाली की क्रूझ बंद.

‘रडार झाकलं आहे’ किंवा ‘कॅमेरा उपलब्ध नाही’ असा संदेश पावसाळ्यात येणं स्वाभाविक आहे. बंपरवरचा चिखल आणि काचेचा वरचा भाग पुसा. कोरड्या दिवशी, स्वच्छ गाडीतही संदेश आला तर सर्व्हिसला जा. पुढची काच बदलली, बंपर काढला किंवा सस्पेन्शनचं काम केलं की कॅलिब्रेशन (कॅमेरा-रडारची नव्याने जुळणी) करून घ्यायलाच हवं. काच बदलण्याच्या बिलात ‘एडीएएस कॅलिब्रेशन’ ही ओळ दिसत नसेल तर गाडी ताब्यात घेण्याआधी विचारा. कॅमेऱ्याचा कोन जरासा चुकला तरी दूरवरची गाडी शेजारच्या लेनमध्ये आहे असं यंत्रणेला वाटू शकतं. रडारसमोर लोखंडी गार्ड, जाड नंबर फ्रेम किंवा लोगोवर स्टिकर लावू नका. गार्ड तसाही बेकायदा आहे.

पावसात काचेवर वाफ धरते. डिफॉगर लावला तर आणखी वाढते. का?

कारण वाफ बाहेरून आहे. बोटाने आतून पुसून बघा. पुसली गेली तर आतली, नाही गेली तर बाहेरची.

आतली वाफ प्रवाशांचा श्वास आणि ओले पाय-मॅट यांच्यामुळे येते. एसी चालू ठेवा (तोच हवेतली ओल काढतो), रीसर्क्युलेशन बंद करून बाहेरची हवा घ्या, हवा काचेवर वळवा. बाहेरची वाफ कोकणात जुलैमध्ये हमखास दिसते: बाहेर दमट, उबदार हवा आणि एसीने थंडगार झालेली काच. इथे काचेवरची हवा बंद करा, तापमान २५-२६ वर न्या आणि वायपर एकदा फिरवा. आरशांसाठी मागच्या काचेचं हीटरचं बटण बघा. बऱ्याच गाड्यांत तेच बटण आरसेही तापवतं.

ऑटो वायपर कोरड्या काचेवर फिरतात आणि मुसळधार पावसात झोपतात.

सेन्सर आरशामागे काचेला चिकटवलेला असतो. तो काचेत सोडलेला प्रकाश किती परत येतो यावरून थेंब ओळखतो. तिथे धूळ, मेणाचं पॉलिश किंवा किडे असले की तो चुकतो. तेवढा भाग साबणाच्या पाण्याने धुवा. वायपरच्या दांडीवरची संवेदनशीलतेची चकती एक पायरी बदलून बघा. उन्हाळ्यात ऑटो बंद ठेवा, कोरड्या धुळीवर फिरलेल्या वायपरने काचेवर कायमचे ओरखडे पडतात. गाडी धुवायला देतानाही ऑटो बंद करा. पुसणाऱ्याच्या बोटांवर वायपर आदळतो.

सनरूफमधून पाणी गळतं. ही तर मॅन्युफॅक्चरिंगची चूक नाही का?

असू शकते, पण पहिल्या पावसाळ्यात गळण्याचं मुख्य कारण तुंबलेली ड्रेन नळी. सनरूफ पूर्णपणे जलरोधक नसतंच. रबराच्या कडेतून झिरपलेलं पाणी चौकटीतल्या पन्हाळीत येतं आणि कोपऱ्यांतल्या नळ्यांतून चाकांच्या बाजूला खाली पडतं. गाडी चिंचेखाली किंवा गुलमोहराखाली उभी असेल तर बारीक पानं याच नळ्यांत जाऊन बसतात.

तपासणी घरी होते. सनरूफ उघडा, पुढच्या कोपऱ्यातल्या भोकात अर्धा कप पाणी हळूहळू ओता. काही सेकंदांत ते पुढच्या चाकाजवळ जमिनीवर दिसायला हवं. साचून राहिलं तर नळी तुंबली आहे. गवत कापायच्या यंत्राची मऊ नायलॉन दोरी हळूच आत सारून ती मोकळी करता येते. तार घालू नका, आणि कॉम्प्रेसरची हवा तर मुळीच मारू नका. आतल्या बाजूला नळी जोडावरून निसटते आणि मग पाणी थेट छताच्या कापडात येतं. नळी मोकळी असूनही गळत असेल तर सर्व्हिस सेंटरकडून पाण्याच्या फवाऱ्याखाली चाचणी मागा आणि ती स्वतः उभं राहून बघा. छताच्या कापडावर डाग पडला असेल तर त्याचा फोटो आधीच काढून ठेवा.

पॅनोरमिक सनरूफ असेल तर उन्हाळ्यात केबिन उशिरा थंड होणार, हे गृहीत धरा. पडदा बंद ठेवणं हा एकच खरा उपाय.

घाटात ऑटोमॅटिक गाडी मागे सरकते, झटके देते, आणि ‘गिअरबॉक्स गरम’ असा इशारा येतो.

आधी तुमच्याकडे कोणता ऑटोमॅटिक आहे ते पाहा, कारण उत्तर त्यावर अवलंबून आहे.

एएमटी म्हणजे साधाच गिअरबॉक्स, क्लच आणि गिअर यंत्र बदलतं. गिअर बदलताना बसणारा हेलकावा हा त्याचा स्वभाव आहे. बदलाच्या क्षणी ॲक्सिलरेटर किंचित सोडला तर झटका बराच कमी होतो. चढावर गाडी ॲक्सिलरेटरवर तोलून धरू नका. क्लच घासत राहतो आणि त्या बदलाचा खर्च सहसा वॉरंटी देत नाही. हँडब्रेक लावा, निघताना ॲक्सिलरेटर देऊन गाडीने जोर घेतला की सोडा. हिल होल्ड (चढावर ब्रेक आपोआप धरून ठेवणारी सोय) असला तरी तो साधारण दोन सेकंदच धरतो.

ड्युअल क्लच गाडी खंबाटकीच्या चढाला बंपर-टू-बंपर रांगेत तापते, कारण मुंगीच्या गतीने चालताना क्लच अर्धवट घसरत असतो. समोर दोन-तीन गाड्यांएवढी जागा होऊ द्या, मग पुढे जा आणि पूर्ण थांबा. इशारा आलाच तर बाजूला घ्या, ‘पी’ मध्ये टाका, इंजिन चालू ठेवून इशारा जाईपर्यंत थांबा. इंजिन बंद केलं तर थंड करणारी यंत्रणाही थांबू शकते. मोकळ्या रस्त्यावर इशारा येत असेल तर तो बिघाड आहे.

सीव्हीटीत (गिअरच्या ठरलेल्या पायऱ्या नसलेला ऑटोमॅटिक) इंजिनाचा आवाज आधी वाढतो आणि वेग मागून येतो. त्यात दुरुस्त करण्यासारखं काही नसतं.

उतरताना तिन्हींना एकच नियम: मॅन्युअल किंवा ‘एल’ मध्ये खालचा गिअर. ‘डी’ मध्ये सोडून सतत ब्रेकवर पाय ठेवला तर आंबेनळी घाट उतरेपर्यंत ब्रेक तापून मऊ पडतील.

डिझेल गाडीत डीपीएफचा दिवा लागला. शोरूम म्हणते ‘हायवेला पळवा’. हे टाळाटाळ आहे का?

या वेळी ते बरोबर सांगत आहेत. बीएस६ डिझेलमध्ये काजळी डीपीएफ नावाच्या फिल्टरमध्ये साठते आणि तो तापला की जळून जाते. शहरातल्या छोट्या फेऱ्यांत तो पुरेसा तापतच नाही. दिवा पिवळा आणि स्थिर असेल तर ६० च्या वर, साधारण २००० आरपीएमवर, १५-२० मिनिटं सलग चालवा. जाळण्याची प्रक्रिया चालू असताना आयडलिंग थोडं वाढतं, पंखा जोरात फिरतो, तात्कालिक ॲव्हरेज घसरतं. त्या वेळी गाडी बंद करू नका. दिवा लुकलुकू लागला किंवा सोबत इंजिनचा दिवा आला तर पळवू नका, थेट सर्व्हिसला न्या.

दर महिन्याला डिपस्टिक बघा. ऑइलची पातळी वर चढत असेल तर अर्धवट राहिलेल्या प्रक्रियांतलं डिझेल ऑइलमध्ये उतरतं आहे, ऑइल लवकर बदलावं लागेल. रोजचं जाणं-येणं पाच-सात किलोमीटरचं असेल तर डिझेल घेऊच नये. हे विकताना सांगितलं जात नाही, सांगायला हवं.

हवा भरूनही टायरचा दिवा जात नाही.

दोन प्रकार आहेत. ज्या गाडीत प्रत्येक टायरचं पीएसआय (हवेच्या दाबाचा आकडा) दिसतं, तिथे व्हॉल्व्हपाशी खरा सेन्सर असतो आणि थोडं चालवल्यावर दिवा जातो. जिथे नुसता दिवा असतो, तिथे एबीएसच्या चाक-वेगावरून अंदाज बांधला जातो. त्यात हवा भरल्यावर मेनूतून ‘रीसेट’ करावंच लागतं. या दुसऱ्या प्रकाराला चारही टायर सारखेच उतरले तर कळत नाही.

हवेचा आकडा चालकाच्या दाराच्या खांबावरच्या स्टिकरवर असतो. टायरच्या कडेवर छापलेला आकडा हा त्याची कमाल मर्यादा, तो भरू नका. हवा सकाळी थंड टायरमध्ये मोजा. ५-६ अंशांनी तापमान बदललं की साधारण १ पीएसआयचा फरक पडतो, त्यामुळे डिसेंबरात नाशिकला पहाटे दिवा लागणं यात विशेष नाही. पंक्चर काढताना दुकानदाराला आधीच सांगा, ‘व्हॉल्व्हला सेन्सर आहे’. टायर सोडवायचं यंत्र व्हॉल्व्हजवळ दाबलं की सेन्सर तुटतो.

‘चावी सापडत नाही’ असा संदेश येतो, चावी तर खिशात आहे.

चावी आणि मोबाईल एकाच खिशात ठेवू नका. तरीही आलं तर सेल संपत आलाय. बहुतेक चाव्यांत सीआर२०३२ हा बटण सेल असतो, पण झाकण उघडून जुन्यावरचा क्रमांक वाचूनच नवा आणा. अडकलात तर चावीच स्टार्ट बटणाला टेकवून बटण दाबा. दार उघडण्यासाठी चावीच्या पोटात धातूची छोटी चावी असते, आणि तिचं छिद्र काही गाड्यांत हँडलवरच्या टोपीखाली लपलेलं असतं. हे घरच्या पार्किंगमध्ये एकदा करून पाहा.

डॅशकॅम आणि लाइट बसवल्यापासून बॅटरी उतरते. वॉरंटी गेली का?

सगळी वॉरंटी जात नाही, पण कापलेल्या वायरशी संबंधित दावा नाकारला जाऊ शकतो. वायर कापून-जोडून टेप मारण्याऐवजी कपलरवर बसणारी हार्नेस घ्या. डॅशकॅमचा पार्किंग मोड बॅटरी खातो. साधारण १२ व्होल्टला तो बंद करणारं कट-ऑफ असलेलंच किट लावा. डीलरने डिलिव्हरीच्या वेळी बसवलेल्या ॲक्सेसरीजचंही वेगळं बिल घ्या. उद्या वाद झाला तर बसवणारा कोण, हे त्यावरून ठरतं.

टोलनाक्यावर फास्टॅग वाचलाच जात नाही.

काही गाड्यांच्या काचेत उष्णता अडवणारा धातूचा पातळ थर असतो, त्यातून सिग्नल जात नाही. अशा काचेवर आरशाजवळ बारीक काळ्या ठिपक्यांची मोकळी जागा ठेवलेली असते. टॅग तिथे आतून लावा. एडीएएस कॅमेऱ्याच्या समोर मात्र लावू नका.

इलेक्ट्रिक गाडीचा चार्जर घरी ‘फॉल्ट’ दाखवतो, शोरूममध्ये मात्र चालतो.

चार्जर ठीक आहे, घराचं अर्थिंग ठीक नाही. १५ अँपिअरच्या सॉकेटवर चालणारा चार्जर आधी अर्थिंग तपासतो आणि ते नसेल तर चार्जिंग सुरूच करत नाही. इलेक्ट्रिशियनला तीन मापं घ्यायला सांगा: फेज-न्यूट्रल, फेज-अर्थ आणि न्यूट्रल-अर्थ. पहिली दोन जवळपास सारखी, २३० व्होल्टच्या आसपास हवीत. तिसरं काही व्होल्टच्या आत हवं. खडकाळ किंवा मुरमाड जमिनीत उन्हाळ्यात अर्थिंगचा खड्डा सुकतो, त्यात पाणी घालून पुन्हा मोजा.

‘प्लगमध्येच न्यूट्रल आणि अर्थ जोडून देतो’ असं कुणी म्हणालं तर त्याला तिथूनच परत पाठवा. न्यूट्रल तुटली तर गाडीच्या पत्र्यात करंट येईल, आणि त्या पत्र्याला लागणारा हात बहुधा मुलाचा असेल. योग्य काम असं: मीटरपासून स्वतंत्र ४ चौरस मिमीची तांब्याची वायर, २० अँपिअरचा एमसीबी, ३० मिलीअँपिअरचा आरसीसीबी (करंट गळला की वीज तोडणारी कळ) आणि दणकट इंडस्ट्रियल सॉकेट. साध्या एसीच्या जुन्या पॉइंटवर सहा-आठ तास सलग भार दिला की सॉकेट वितळतं.

सर्व्हिस सेंटर म्हणतं ‘सगळ्याच गाड्यांना असं होतं’. पुढे काय?

तोंडी तक्रार म्हणजे तक्रार नाही. जॉब कार्डवर तुमच्या शब्दांत लिहून घ्या. ‘आवाज येतो’ हे पुरेसं नाही. ‘थंड इंजिन, ३० ते ४० चा वेग, डावीकडे वळताना पुढच्या डाव्या चाकाकडून टकटक’ असं लिहा. चालवताना शेजारी बसलेल्याकडून व्हिडिओ काढून घ्या. मेकॅनिकला सोबत बसवून तो दोष दाखवा. गाडी परत घेताना ‘तपासलं, ठीक आहे’ अशी नोंद असेल आणि तुम्हाला मान्य नसेल, तर त्याच कागदावर ‘दोष कायम’ लिहूनच सही करा. ‘दुसऱ्या गाडीतही असंच आहे’ म्हणत असतील तर त्याच मॉडेलची डेमो गाडी चालवून बघायला मागा. अर्ध्या तासात सत्य कळतं, आणि कधी कधी ते खरंच बोलत असतात.

दोन-तीन फेऱ्यांत सुटलं नाही तर सर्व जॉब कार्ड जोडून कंपनीच्या ग्राहक विभागाला ईमेल करा, फोनवर अवलंबून राहू नका. त्यानंतर राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन १९१५. तिथेही नाही झालं तर ग्राहक आयोग. मोजलेली किंमत ५० लाखांपर्यंत असेल तर जिल्हा आयोगात दाद मागता येते, तीही तुम्ही जिथे राहता त्या जिल्ह्यात, आणि ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन. ५ ते १० लाखांच्या गाडीसाठी शुल्क २०० रुपये, १० ते २० लाखांसाठी ४०० रुपये. मुदत दोन वर्षांची, तक्रारीचं कारण घडल्यापासून. वारंवार बिघडणारी गाडी ठरावीक फेऱ्यांनंतर बदलून द्यायलाच हवी असा वेगळा कायदा आपल्याकडे नाही. उत्पादनातला दोष सिद्ध करायला तांत्रिक अहवाल लागतो, आणि त्या अहवालाचा पाया तुमची जॉब कार्डंच असतात. म्हणून पहिल्या फेरीपासूनची एकही फेकू नका.